बेळगावहून टीव्ही पत्रकारितेत यायचंय? आधी हे वाचा

खानापूर, निपाणी, येळ्ळूर, अथणी. फोन कुठूनही येवो, प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, अँकर व्हायचंय, कुठं अर्ज करू?’ मराठी शाळेत शिकलेली, वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली, कॉलेजच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन केलेली ही मुलं-मुली असतात. आवाज चांगला, हौस दांडगी. पण सीमाभागातून या क्षेत्रात शिरताना जे गुंते आडवे येतात ते पुण्या-मुंबईच्या शिबिरांत कुणी सांगत नाही, कारण तिथल्यांना त्यांच्याशी कधी गाठच पडलेली नसते. मी स्थानिक केबल चॅनेलवरून आकाशवाणीत आणि तिथून दूरदर्शनच्या पडद्यावर गेले. वाटेत जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

१. कुठली बातमी कुठे जाते ते समजून घ्या

दूरदर्शन आणि आकाशवाणी या दोन्ही प्रसार भारतीच्या. ही केंद्राची स्वायत्त संस्था, २३ नोव्हेंबर १९९७ पासून अस्तित्वात आहे. कारभार केंद्राचा असला तरी बातम्यांची घडी राज्यनिहाय आहे. मराठीसाठी मुंबईची सह्याद्री वाहिनी, कन्नडसाठी बेंगळुरूची चंदना. आता बेळगावचं बघा. मराठी प्रेक्षक बरेच, पण जिल्हा कर्नाटकात. त्यामुळे इथल्या बातमीचा सरकारी रस्ता धारवाड आणि बेंगळुरूकडे जातो. मुंबईच्या बातमीपत्राला एरवी बेळगावची आठवण फारशी येत नाही, सीमाप्रश्न तापला की मग फोनवर फोन.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा की तुम्हाला नक्की कुठली वाट धरायची आहे. इथेच राहून मराठी-कन्नड दोन्हीकडे चालेल असा वार्ताहर व्हायचं, सांगली, कोल्हापूर किंवा पणजी आकाशवाणीवर नैमित्तिक, म्हणजे ड्यूटीपुरतं, निवेदन करायचं, की बिऱ्हाड हलवून पुणे-मुंबई गाठायची? तिन्हींची तयारी वेगळी. ‘कुठंही चालेल’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक कुठेच जमत नाही.

आणि ‘अँकर’ या शब्दाची भुरळ जरा बाजूला ठेवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. विश्वास मेहेंदळे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे हे वृत्तनिवेदक घराघरांत पोहोचले ते वाचनाच्या जोरावर. आज नुसतं वाचणारा माणूस कुणाला परवडत नाही. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागात पदाचं नावच ‘वृत्तनिवेदक-नि-अनुवादक’ असतं. इंग्रजी-हिंदी मजकूर समोर येतो, त्याचं मराठी तुम्हीच करायचं आणि तुम्हीच वाचायचं. खासगी वाहिनीत दुपारी वाचणारा संध्याकाळी डेस्कवर पॅकेज, म्हणजे चित्रणासोबतची पूर्ण बातमी, लिहीत असतो.

२. कन्नड वाचायला शिका, बोलण्यावर थांबू नका

बेळगावच्या मराठी पोरांना बाजारापुरतं, बसपुरतं कन्नड येतंच. ते पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाची प्रेसनोट कन्नडमध्ये, पोलिसांचा एफआयआर कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीचा ठराव कन्नडमध्ये, शेतकऱ्याची पहाणी (इथला सातबारा) सुद्धा कन्नडमध्येच. दुसऱ्या पत्रकाराला ‘अण्णा, काय लिहिलंय ते सांगा की’ म्हणत किती दिवस काढणार? तो सांगेल ती तुमची बातमी, आणि त्याने गाळलं ते तुमच्या बातमीतूनही गळालं.

लिपी अवघड नाही. मनावर घेतलं तर पावसाळा सरेपर्यंत मथळे वाचता येतात. आकड्यांकडे मात्र खास लक्ष द्या. कन्नडमधले सहा आणि नऊ घाईत सारखे दिसतात, शेपटी कुणीकडे वळते एवढाच फरक. फॅक्सच्या पुसट कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या तिरक्या फोटोत तोही कळत नाही. मृतांचा, जखमींचा, नुकसानीचा आकडा असेल तर कार्यालयात फोन लावून तोंडी विचारा आणि मगच पडद्यावर जाऊ द्या.

यातली मेख अशी की हे दोन भाषांचं भांडवल पुण्या-मुंबईच्या उमेदवाराकडे नसतं. कन्नड प्रेसनोट वाचून पाच मिनिटांत मराठी बातमी पाठवणारा माणूस कुठल्याही मराठी वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कला, म्हणजे वार्ताहरांना बातम्या नेमून देणाऱ्या टेबलाला, हवाच असतो.

३. आवाजापेक्षा उच्चारावर मेहनत घ्या

‘आवाज भारदस्त नाही’ ही तक्रार घेऊन अनेक जण येतात. चाचणीत मारून नेतात ते उच्चार. आपल्याकडे बोलताना वाक्याचं शेपूट वर उचलण्याची सवय आहे, ‘होय की’, ‘जेवलास काय’ अशी. ती घरी गोड वाटते, पण बातमीत प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं ऐकू येतं. न-ण, श-ष, ऱ्हस्व-दीर्घ, आणि चमचा-चंद्र, जहाज-जीवन यांतले च-ज तपासा. बोली सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. निपाणीच्या विडी कामगार बाईंची मुलाखत घेताना तीच कामाला येते. फक्त दोन्ही भाषा हव्या तेव्हा हाताशी हव्यात.

सराव असा करा :

- सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं पुणे आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र रेकॉर्ड करा. त्यातल्या चार बातम्या उतरवून काढा, स्वतः वाचा, मग दोन्ही रेकॉर्डिंग एकामागून एक ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण ऐकाच.
- न वाचलेला मजकूर पहिल्याच झटक्यात मोठ्याने वाचा. अग्रलेख सगळ्यांत चांगले, वाक्यं लांबलचक असतात आणि श्वास कुठे घ्यायचा ते कळतं.
- गावांच्या नावांची वही करा. हुक्केरी, सौंदत्ती, बैलहोंगल, यरगट्टी, मूडलगी. त्या गावच्या माणसाकडून नाव म्हणवून घ्या. मुंबईचा निवेदक इथे अडखळतो, तुम्ही अडखळून चालणार नाही.
- मोठे आकडे बोलून बघा. अलमट्टीचा विसर्ग लाख-हजार क्युसेकमध्ये येतो, तो कागदावर अक्षरांत लिहून घ्या. थेट आकडा वाचायला गेलं की जीभ वळतेच.

४. शिक्षण कुठे घ्यायचं

पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण पत्रकारितेची पदविका किंवा पदव्युत्तर पदवी असली की जाहिरातीतली पात्रता वाचताना छाती धडधडत नाही. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, १९६४ पासून आहे. जवळ पाहिजे तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, कन्नडमधून करायचं तर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. माझं मत विचाराल तर बेळगावात राहून काम करणाऱ्याने धारवाडचा विचार जरूर करावा. मराठी घरातून आलेलं आहेच, तिथे कन्नड आणि कर्नाटकातली ओळखपाळख मिळते.

‘तीन महिन्यांत अँकर, नोकरीची हमी’ म्हणणाऱ्या अकादम्यांपासून चार हात लांब राहा. प्रसार भारतीत भरती होते ती तिच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीतून, एजंट कुणीही नसतो. पैसे घेऊन ‘दूरदर्शनमध्ये लावतो’ म्हणणारा भेटला तर चहाचं बिल त्याच्यावर टाकून उठा.

५. पहिला अनुभव, आणि त्याचा कागद

बेळगावात मराठी पत्रकारिता जुनी आहे. ‘तरुण भारत’ १९१९ चा. दैनिकाच्या तालुका वार्ताहराखाली वर्षभर काढलेला माणूस टीव्हीतही टिकतो, कारण कोण बोलतंय आणि का बोलतंय हे त्याला कळायला लागलेलं असतं. त्यानंतर केबल चॅनेल, वेब पोर्टल.

सामान सुरुवातीला फार लागत नाही. बरा कॅमेरा असलेला फोन, कॉलरला लावायचा तारेचा लेपल माईक, त्यावर वाऱ्यासाठी फोमची टोपी, हलका ट्रायपॉड, दोन पॉवर बँक. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या भरपूर. फोन आडवाच धरा. उभा व्हिडिओ डेस्कवर पोहोचला की तिथला एडिटर काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक उदाहरण घ्या. जुलैत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की चिकोडी-निपाणी भागातले बंधारे पाण्याखाली जातात. कल्लोळ-येडूर बंधाऱ्यावर तुम्ही पोहोचलात. नवखा माणूस आधी स्वतःचा पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, करतो. तसं करू नका. आधी पाण्याचा रुंद शॉट, दहा सेकंद हात न हलवता. मग बंधाऱ्याचं बुडालेलं टोक, लावलेलं बॅरिकेड, पलीकडे अडकलेल्या दुचाकी, दुधाचे कॅन. प्रत्येक शॉट दहा-दहा सेकंद, झूम न करता. मग दोन बाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर घेतलेल्या प्रतिक्रिया. एक गावकऱ्याची : वळसा घालून कुठून जावं लागतं, किती वेळ जातो, दुधाचं काय होतं. दुसरी तहसीलदार किंवा पोलिसाची. सर्वांत शेवटी पीटीसी, तीन वाक्यांत, पाण्याकडे पाठ करून पण काठापासून लांब उभं राहून. जिथे उभे आहात त्या ठिकाणाचं नाव पहिल्या वाक्यात घ्या. निघताना तिथला नुसता आवाजही मिनिटभर रेकॉर्ड करा. डेस्कला तो हवा असतो आणि तो आणायचं सगळे विसरतात.

आता कागद. हा भाग दोनदा वाचा. मी जिथे काम केलं त्या एका चॅनेलने नेमणूकपत्र कधी दिलंच नाही, मानधन हातात रोख दिलं, आणि पुढे अनुभवाचा दाखला मागितला तेव्हा ‘तुझं नाव रजिस्टरला नाही’ हे उत्तर मिळालं. बेळगावात हे सर्रास चालतं. पहिल्याच महिन्यात लेटरहेडवर नेमणूकपत्र मागा. मिळत नसेल तर निदान मानधन बँकेत जमा करा म्हणा. बँकेच्या नोंदी, तुमच्या नावासह छापलेली कात्रणं आणि तारीख दिसणाऱ्या क्लिप्स यांची फाईल करा. सरकारी अर्जात ‘दोन वर्षांचा अनुभव’ लिहिलेला असतो तेव्हा हीच फाईल बोलते.

६. आकाशवाणी-दूरदर्शनला आत जायचे दरवाजे

कायम नोकरीच्या जाहिराती क्वचित निघतात. प्रत्यक्षात प्रवेश मिळतो तो या वाटांनी :

- नैमित्तिक उद्घोषक : केंद्र जाहिरात काढतं, लेखी परीक्षा, मग आवाज चाचणी. निवड झाल्यावर ‘वाणी’ नावाचं प्रशिक्षण असतं. महिन्याला साधारण सहाच ड्यूट्या मिळतात, तेव्हा हातातली नोकरी सोडू नका.
- नैमित्तिक वृत्तनिवेदक-अनुवादक : प्रादेशिक वृत्तविभागात. अनुवाद, आवाज, मुलाखत असे टप्पे.
- अंशकालीन वार्ताहर : जिल्हानिहाय नेमणूक, जिल्ह्याच्या मुख्यालयात किंवा जवळपास राहण्याची अट. बेळगाव जिल्ह्यासाठी अर्ज करायचा तर बातम्या कर्नाटकातल्या वृत्तविभागाला जाणार, म्हणजे कन्नड आलंच.
- दूरदर्शनचा स्ट्रिंगर : स्वतःचा कॅमेरा, बातमीमागे पैसे, यादीत नाव लागल्यावर काम.

अर्जासोबत सहसा लागणारी कागदपत्रं :

- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), पदवी आणि पत्रकारितेच्या गुणपत्रिका
- आधार, पॅन, रद्द केलेला चेक
- रहिवासी दाखला
- अनुभवपत्रं, कात्रणं, क्लिप्सची लिंक
- आवाजाची किंवा कॅमेऱ्यासमोरची नमुना फीत, जाहिरातीत मागितली असेल तर
- स्ट्रिंगरसाठी कॅमेरा आणि इतर सामानाची बिलं

सीमाभागातल्यांचे इथले हमखास घोटाळे तीन. एक, नावाची स्पेलिंग. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, कन्नडवरून इंग्रजीत उतरलेल्या आधारवर दुसरी. अर्जाआधी दुरुस्त करा किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दोन, कन्नडमधला दाखला पुण्या-मुंबईच्या केंद्रात जोडताना त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत द्या. तीन, महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी महाराष्ट्र शासनाच्या सवलती आहेत, त्या महाराष्ट्राच्या नोकऱ्या आणि प्रवेशांपुरत्या. प्रसार भारती केंद्राची, तिथे त्या दाखवून उपयोग नाही.

७. चाचणीचा दिवस

जाहिराती स्थानिक पेपरात नेहमीच येतात असं नाही. प्रसार भारतीच्या संकेतस्थळावरचं रिक्त पदांचं पान आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा.

आवाज चाचणीत काचेपलीकडे माणसं बसलेली असतात आणि तुम्हाला फक्त एक लाल दिवा दिसतो. कागद हातात मिळाल्यावर मिळणाऱ्या वेळात आधी नावं आणि आकडे शोधा, त्याखाली रेघ मारा. मजकूर शेवटी बघा. पान उलटताना कडकड आवाज होतो, म्हणून पिन काढून पानं सुटी करून सरकवा. चुकलात तर ‘सॉरी’ म्हणू नका. ‘क्षमा करा’ म्हणून शब्द नीट वाचा आणि पुढे चला. परीक्षक नेमकं तेच बघत असतात.

कॅमेऱ्यासमोर जायचं असेल तर कपड्यांचा विचार आदल्या दिवशी करा. मागे हिरवा पडदा असतो, हिरवी साडी किंवा हिरवा शर्ट घातलात तर पडद्यावर नुसतं मुंडकं तरंगताना दिसेल. आपल्या इरकलीच्या बारीक चौकड्या प्रत्यक्षात देखण्या, पण कॅमेऱ्यात त्या झिरमिरतात. एकरंगी, मध्यम गडद रंग बरा. खणखणणाऱ्या बांगड्या काढून ठेवा, माईक त्या आधी पकडतो. टेलिप्रॉम्प्टर असला तरी छापील स्क्रिप्ट हातात हवीच, आणि जिथे वाचन चालू आहे तिथे बोट. यंत्र अडकलं की त्या बोटावरूनच पुढे जायचं.

८. निवेदक म्हणून मुलाखत घ्यायची असेल तर

सार्वजनिक प्रसारणातलं खरं काम मला तरी इथेच दिसतं. शेती, आरोग्य, साहित्य, संगीत, थेट फोनवरचे कार्यक्रम. आरडाओरडा नाही, ब्रेकिंगची पट्टी नाही, पण तयारी दुप्पट.

पाहुण्याला प्रश्न आधी देऊ नका, विषय द्या. प्रश्न दिले की माणूस उत्तरं पाठ करून येतो आणि कॅमेरा लागला की पाठ विसरतो. प्रश्न छोटा ठेवा. ‘आपण एवढे मोठे ऊस उत्पादक, आपल्या प्रवासाबद्दल, अडचणींबद्दल आणि तरुणांना संदेश…’ हा प्रश्न नव्हे. ‘गेल्या हंगामात तुमचा ऊस तोडायला टोळी कधी आली?’ एवढंच विचारा, आणि गप्प बसा. सुरुवातीला ही शांतता सोसवत नाही, आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो. टाकू नका. पुढचं वाक्य बहुतेक वेळा मुलाखतीतलं सर्वांत कामाचं असतं.

कागदावर लिहिलेल्या प्रश्नांपैकी अर्धे सोडायची तयारी ठेवा. फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्याखाली बसून बोटांनी उरलेली मिनिटं दाखवतो, मग हात गोल फिरवतो म्हणजे आवरा. ते बघायचं, पण मान हलवायची नाही आणि पाहुण्याच्या डोळ्यांवरून नजर काढायची नाही. घरी कुणाला तरी समोर बसवून हे करून बघा, हसायला येईल पण सवय होईल.

९. सीमाप्रश्नावर बातमी करताना

हा विषय टाळता येणार नाही. १ नोव्हेंबरला बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कामकाज सुरू होतं आणि शहरात सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याची, त्याला परवानगी मिळाली की नाकारली याची बातमी असते. दोन्ही ठिकाणी जा. एकाच ठिकाणचं चित्रण पाठवणारा वार्ताहर एका हंगामापुरता चालतो.

घरी तुमचं मत काय ते असू द्या. माईक हातात असताना ‘समितीचं म्हणणं असं’, ‘कर्नाटक सरकारचं म्हणणं असं’ ही दोन वाक्यं तोंडात बसवा. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, शहराचं अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. एवढ्या तारखा तरी पाठ हव्यात, कारण थेट प्रक्षेपणात मुंबईचा अँकर हमखास ‘हा वाद नेमका काय आहे, थोडक्यात सांगा’ म्हणतो आणि तुमच्याकडे चाळीस सेकंद असतात.

सांभाळायच्या गोष्टी :

- व्हॉट्सअॅपवर आलेला दगडफेकीचा, बसला काळं फासल्याचा व्हिडिओ कधीचा आणि कुठला हे कळल्याशिवाय वापरू नका. जुने व्हिडिओ दर वर्षी नव्याने फिरतात. भाषेवरून तेढ वाढवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव होत नाही.
- तुमच्या फेसबुकवरच्या जुन्या पोस्टही लोक काढून बघतात. दोन्ही बाजूंचे.
- जमाव तापलेला असेल तर वाहिनीच्या नावाचा बूम (हातातला माईक) खाली घ्या आणि रस्त्याच्या कडेने, गल्लीचं तोंड जवळ ठेवून उभे राहा. मराठी वाहिनी म्हणून एका ठिकाणी राग, कन्नड वाहिनी म्हणून दुसऱ्या ठिकाणी. तो चेहऱ्यावर नसतो, बूमवरच्या अक्षरांवर असतो.
- ड्रोन उडवायची हौस नको. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, शहरात मराठा लाइट इन्फंट्री. परवानगीशिवाय उडवलात तर ड्रोनही जाईल आणि दिवसही पोलीस ठाण्यात जाईल. भीमगडच्या जंगलात चित्रण करायचं तर वन खात्याची परवानगी आधी.
- बलात्कारपीडितेची किंवा बालकाची ओळख कुठल्याही वाटेने फुटू देऊ नका. नाव गाळलं आणि घराचं दार, शाळेचा गणवेश दाखवला तरी ओळख फुटलीच.

अधिवेशनाचे पास माहिती खात्याच्या कार्यालयातून मिळतात. नोव्हेंबरच्या आतच चौकशी करा, संपादकाचं पत्र आणि फोटो लागतात, आणि शेवटच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

१०. पैशाचं

नैमित्तिक कामाचं मानधन ड्यूटीमागे, स्ट्रिंगरचं बातमीमागे. दोन्ही उशिरा येतं. करार सही करण्याआधी त्यात बातमी नाकारली तर काय, प्रवासखर्च कुणाचा, चित्रणाचे हक्क कुणाचे हे वाचा. खासगी वाहिन्या बहुतेक वेळा सगळे हक्क स्वतःकडे ठेवतात. तसं असेल तर तेच चित्रण तुमच्या यूट्यूबवर टाकता येणार नाही. प्रत्येक बातमीची तारीख, विषय आणि कुणाला पाठवली याची वही ठेवा, महिनाअखेर त्यावरूनच बिल करा आणि पोच घ्या. मानधनातून कर कापला गेला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही हे आयकराच्या संकेतस्थळावर तपासा. पॅनचा एक आकडा चुकीचा गेला की परतावा दुसऱ्याच्याच नावावर अडकतो, आणि मग लेखा विभागात खेटे घालणं आलं.